मेंढीच्या दुधावरचा घोडा

भाच्यानं मामाच्या घरातून काहीही न विचारता उचलून नेलं तर ती चोरी होत नाही, असा आम्हा काल्मिकांचा फार जुना कायदा आहे. मेंढी नेली, खोगीर नेलं, अगदी कळपातला सगळ्यात चांगला घोडा नेला, तरी मामानं हसून बघायचं. उलट ज्याच्याकडून भाचा काहीच नेत नाही त्या मामाची गावात टिंगल होते. याच्याकडे नेण्यासारखं आहेच काय, म्हणतात. आणि मामानं भाच्यावर किंवा भाच्यानं मामावर हात उगारायचा नाही. बापाशी भांडा, सख्ख्या भावाचं डोकं फोडा, पण हे नातं सांभाळा. मी ते सांभाळलं असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

माझं नाव उलुमजी. रशियाच्या दक्षिणेला, साल नावाच्या नदीकाठी, गवताळ मुलखात, दुसऱ्यांच्या घोड्यांमागे माझा जन्म गेला. आई लवकर वारली. मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, नोगालानं. मी तिला अक्का म्हणतो. खाऊ तिनंच घातलं आणि मारही तिनंच दिला, दोन्ही भरपूर. तिचा नवरा जर्मनांशी लढताना गेला. मागे एकच मुलगा राहिला, चेबेक. माझी बायको तापानं गेली, आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेव्हा अक्काचा आणि माझा मिळून तो एकच होता म्हणा ना.

घोड्याचं सांगतो. एका हिवाळ्यात बर्फाच्या वादळात कळपातली एक घोडी व्याली आणि तिथेच मेली. मालक म्हणाला, शिंगरू टाकून दे, जगायचं नाही. मी ते कोटात गुंडाळून घरी आणलं. त्याच्या उजव्या कानाचं टोक थंडीनं झडलं, पण बाकीचं सगळं शाबूत राहिलं. बैलाच्या शिंगाला कातड्याची बोंडी बांधून मी त्याला मेंढीचं दूध पाजलं, दिवसातून सात-सात वेळा. दूध कोमट झालं की मी शीळ घालायचो, एक लांब आणि दोन आखूड. ते कुठेही असलं तरी पडत-धडपडत यायचं आणि माझ्या बाहीत तोंड खुपसायचं. पुढे ते चांगलं उंच, कुमाईत म्हणजे काळसर तांबड्या रंगाचं झालं, मालकानं ते मला देऊन टाकलं, आणि मी त्याच्या मांडीवर आमच्या कुळाचा डाग दिला. दूध केव्हाच सुटलं होतं, पण शिळेला यायचं सुटलं नाही. शेजारी चिडवायचे, "उलुमजी, तुझी मेंढी फार मोठ्यानं खिंकाळते रे."

आम्ही काल्मिक झारच्या कॉसॅक घोडदळात मोडायचो, आणि फौजेत जाणाऱ्या कॉसॅकनं घोडा घरचा न्यायचा, अशी रीत होती. चेबेकला बोलावणं आलं तेव्हा तो सरळ माझ्या अंगणात आला आणि त्यानं कुमाईताचा दोर सोडला.

"मामा, हा मी नेतो."

"विचारतोस कशाला? विचारलंस की ती चोरी होते."

"आणि ती शीळ? ती पण शिकव की."

"घोडा नेलास तेवढं पुरे. शीळ राहू दे माझ्याकडे. तू कुठे दारू पिऊन पडलास तर निदान घोडा तरी घरी येईल."

तो हसला. अक्का कुंपणाशी उभी होती, तीही हसली. त्यानंतर आठवडाभर मी गावातून छाती काढून फिरत होतो. भाच्यानं माझा घोडा नेला, असं भेटेल त्याला सांगत होतो, कुणी विचारलं नाही तरी.

झार गेला, जर्मन लढाई मोडली आणि सगळे जण बंदुकांसकट घरी परतले. बंदुका हातात होत्याच. थोड्याच दिवसांत आपसांत जुंपली. बोल्शेविकांची लाल फौज झाली, त्यांच्या विरोधातल्यांची पांढरी फौज झाली. आमच्या मुलखात काय काय झालं ते मी सांगत बसत नाही. मठ जळले, माणसं विहिरीत टाकली गेली, आणि दोन्हीकडच्या लोकांना आपण जे केलं ते दुसऱ्यानं आधी केलं म्हणून केलं असंच वाटत होतं.

चेबेक फौजेतून परत आला तो वेगळाच होऊन. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उभा राहून बोलला, जमीन राबणाऱ्याची हवी म्हणाला. म्हाताऱ्यांनी त्याला हाकलून दिलं. नंतर माझ्याकडे चहाला आला.

"मामा, तू जन्मभर दुसऱ्याचे घोडे राखलेस. तुझा म्हणावा असा एक होता, तोही मी नेला. तुला राग येत नाही?"

"येतो की. तुझा येतो कधीकधी."

"थट्टा नको करू."

"मग काय करू? तू बोलतोस ते मला अर्धं कळतं, आणि जे कळतं त्याची भीती वाटते."

तो चहा संपवून उठला. दोन दिवसांनी तो कुमाईतावर बसून लाल फौजेत गेला. मी पांढऱ्या फौजेत होतो, पण मी काही विचार करून बाजू घेतली नव्हती. गावच्या कॉसॅकांचा रिसाला उभा राहिला, त्यात मलाही घेतलं, आणि तो जिकडे गेला ती माझी बाजू झाली. चेबेकनं मात्र रात्र-रात्र जागून, आईशी भांडून, विचार करून बाजू घेतली होती. हे ध्यानात ठेवा.

दोन वर्षं गेली. मी तोवर दहा-बारा वेळा समोरासमोरच्या हल्ल्यात गेलो होतो. लढाई न पाहिलेली माणसं तलवारीबद्दल फार बोलतात. खरं असं असतं की दोन रिसाले एकमेकांवर धावले की शेवटच्या शंभर पावलांत एक बाजू कच खाते आणि वळते. मग पुढे पाठी असतात आणि मागे तलवारी. समोरून मारलेली माणसं मी फार थोडी पाहिली. एका गिरणीजवळ मी असाच एका रशियन पोराच्या पाठीस लागलो. त्याची टोपी पडली होती आणि तो आईला हाका मारत होता. अंगात मेंढीच्या कातड्याचा जाड कोट. मी तीन वार केले, तिन्ही कोटातच अडकले. चौथ्याला तो खाली गेला आणि मागून येणारे घोडे त्याच्यावरून गेले. नंतर तलवार पुसायला घेतली तर पात्याला नुसती लोकर चिकटलेली. त्यानंतर मी जेवतानाही हातमोजे काढेनासा झालो. माझ्या शेजारच्या घोड्यावरचा शुर्गुची, आमच्याच गावचा, तो बघायचा आणि म्हणायचा, "थंडी फार आहे रे." मीही म्हणायचो, "हो, थंडीच आहे."

१९२० च्या फेब्रुवारीत आम्ही हरत होतो. मानिच नदीच्या काठाकाठानं मागे सरत होतो आणि आमच्याबरोबर आमचं सगळं गणगोत सरत होतं. बैलगाड्या, उंटगाड्या, म्हातारी माणसं, मेंढ्या, मठातल्या पोथ्यांच्या पेट्या आणि त्या पेट्यांवर बसलेले आमचे गेलुंग, म्हणजे पुजारी. थंडी अशी की खोगिरावर बसलेला माणूस बसल्याजागी मरायचा आणि घोडा त्याला घेऊन रांगेत चालत राहायचा. अक्काही एका गाडीवर होती. तिनं घरचं काही घेतलं नव्हतं, एक चहाची कढई आणि चेबेकचे लहानपणचे जोडे.

एका सकाळी शुर्गुची माझ्याकडे आला. आमच्या लोकांनी एक लाल शिपाई धरला होता. तो कैदी सांगत होता की समोर जो रिसाला आहे त्यात काल्मिकांची एक तुकडी आहे, आणि त्यात एक जण कुमाईत घोड्यावर आहे, घोड्याच्या मांडीवर आमच्या कुळाचा डाग आहे. शुर्गुचीला आवाज बारीक करता येत नाही. गाडीशी चहा उकळत बसलेल्या अक्कानं सगळं ऐकलं.

तिनं मला बोलावलं आणि हातात मिठाच्या चहाची वाटी दिली.

"त्याला घेऊन ये," ती म्हणाली.

"अक्का, तिकडे हजारभर घोडे आहेत."

"त्यातला एक तू ओळखतोस."

"आणि भेटला तरी? त्याला यायचं आहे का?"

"त्याला यायचं आहे का ते मी विचारलंच नाही. मला तो जिवंत हवा. बांधून आण, फसवून आण, कसाही आण. तिकडे राहिला तर आज ना उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी त्याला कापेल. कदाचित तूच."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग आण त्याला. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का?"

तिनं खरंच काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. वाटी परत देताना तिनं माझी बोटं घट्ट धरली आणि सोडली. ती रडली असती तर बरं झालं असतं, मला "नाही" म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी, उजाडून तास-दोन तास झाले होते, तेव्हा लाल रिसाला समोर आला. मध्ये एक उथळ ओढा, गोठलेला. तीनशे पावलांचं अंतर. आम्ही एका ओळीत, ते एका ओळीत. वारा आमच्या पाठीवर होता. दोन्हीकडचे कोट सारखे, टोप्या सारख्या, आणि आमच्या समोरच्या टोकाला तोंडंही सारखी, कारण तिथे त्यांचे काल्मिक होते. आमच्या खांद्यावर निळ्या पट्ट्या, त्यांच्या टोपीवर लाल तारा, एवढाच काय तो फरक.

हल्ल्याआधी थोडा वेळ असा असतो की कुणालाच पहिलं निघायचं नसतं. तेव्हा शिव्या सुरू होतात.

"कुठल्या गावचे रे तुम्ही?" शुर्गुची ओरडला.

"तुझ्या सासरचे," पलीकडून उत्तर आलं.

"मग जावयाला चहा तरी विचारा."

"ये की इकडे, गरम गरम पाजतो."

दोन्हीकडचे हसले. मी हसलो नाही, कारण मला कुमाईत दिसला होता. डाव्या टोकाकडून पाचवा. उजव्या कानाचं टोक नाही, मान जराशी तिरकी, पुढचा पाय आपटायची तीच सवय. त्याच्यावर चेबेक. रुंद झाला होता, मिशा आल्या होत्या. त्यानं मला ओळखलं नाही, मी डोळ्यांपर्यंत लोकरी फडकं गुंडाळलं होतं. माझं काळीज इतकं जोरात धडधडायला लागलं की खालच्या घोड्याला ते कळलं आणि तो चुळबुळ करू लागला. मला त्याला हाक मारावीशी वाटली. नुसतं, किती मोठा झालास रे, एवढंच म्हणावंसं वाटलं.

आणि तेव्हा मला ती युक्ती सुचली. घोड्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसालाच अशी युक्ती सुचते, आणि तिच्यातली चूक फक्त त्यालाच दिसत नाही. मी घोड्याचा विचार केला. वारा अनुकूल आहे, शीळ पोचेल, तो येईल, लगाम खेचला तरी येईल. तीनशे पावलं म्हणजे त्याला कितीसा वेळ. आमच्या ओळीत आला की मी लगाम धरीन, दोघं-तिघं मिळून चेबेकला खाली ओढू, हात बांधू, गाडीवर नेऊन अक्काच्या पुढ्यात टाकू. शिव्या देईल, दे म्हणावं. समोरची माणसं हे बघून काय समजतील, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी घोडा पाहत होतो.

"तो कुमाईत," मी शुर्गुचीला म्हणालो. "माझा भाचा आहे. ओळीत सगळ्यांना सांग, त्याच्यावर हात टाकू नका. तो इकडे येतोय."

"येईल तो?"

"तो नाही येणार. घोडा येईल."

शुर्गुचीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याला कळलं आणि त्याचे डोळे चमकले. "बेरका आहेस," म्हणाला आणि त्यानं शेजारच्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला.

ओठ गोठले होते. पहिल्यांदा नुसती हवा आली. मी हातमोजा काढला, ओठ चोळले, तोंडात बोटं घालून ऊब दिली. दुसऱ्यांदा शीळ निघाली, एक लांब, दोन आखूड. त्या दिवसानंतर आजवर मी शीळ घातलेली नाही. आता देश सुटल्यावर इथे बेलग्रेडला मी भाड्याची घोडागाडी हाकतो, घोड्याला जिभेनंच टचटच करतो.

कुमाईताचे कान उभे राहिले. मी पुन्हा घातली. त्यानं मान वर केली, एकदा खिंकाळला आणि ओळ मोडून निघाला.

चेबेकला पहिल्यांदा वाटलं असेल की घोडा बिचकला. त्यानं एका हातानं खेचलं. मग दोन्ही हातांनी. कुमाईताचं तोंड छातीला लागलं, ओठांतून लाल फेस यायला लागला, पण तो तसाच तिरका धावत राहिला, मान वाकडी, माझ्या दिशेनं. ओढा ओलांडताना बर्फावर घसरला आणि सावरला. मी शीळ घालतच होतो. माझा सगळा जीव त्या शिळेत होता. आला, आला, अजून थोडं, असं मी मनात म्हणत होतो.

आमच्या ओळीतून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "शाब्बास, ये, ये." पलीकडच्या ओळीतूनही ओरडा आला. ते म्हणत होते, "पळाला. फितूर झाला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण ओठ शीळ घालतच राहिले, कारण आता तो मधोमध होता आणि मागे जाण्यापेक्षा पुढे येणं जवळ होतं.

चेबेकनं वर पाहिलं. माझं फडकं शीळ घालायला मी खाली ओढलं होतं, माझं तोंड त्याला दिसलं.

"मामा, नको," तो ओरडला. "शीळ थांबव."

मी थांबवली नाही. त्याचा उजवा पाय रिकिबीतून बाहेर आलेला मी पाहिला. उडी टाकून आपल्या लोकांकडे धावत जाणार होता तो. त्याच वेळी मागून दोन बार झाले. तो पुढे, आयाळीवर पडला. पडला तरी हातात लगाम खेचलेला होता.

घोडा त्याला घेऊन माझ्यापर्यंत आला. आला आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून उभा राहिला.

त्यांनी आपल्याच माणसावर गोळी झाडली हे पाहून आमची ओळ पेटली. कुणी हुकूम दिला की नाही ठाऊक नाही, सगळे एकदम सुटले. माझ्या दोन्ही बाजूंनी घोडे गेले. टापांनी उडालेला बर्फ तोंडावर बसला, किंचाळ्या, लोखंडावर लोखंड, आणि मग तो आवाज पुढे पुढे गेला. लाल रिसाला वळला होता. त्या दिवशी आम्ही जिंकलो. दुपारपर्यंत टिकणारा विजय होता तो, पण जिंकलो.

मी चेबेकला खाली घेतलं आणि मांडीवर आडवं केलं. मी काहीतरी बरळत होतो, बरा होशील, अक्का इथेच आहे, गाडीत आहे, चहा ठेवलाय तिनं. त्याला ते ऐकू येत होतं का कळत नव्हतं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. ओढ्यापलीकडे, जिकडे त्याचे लोक पळत होते, तिकडे होते.

"त्यांना सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"मी पळालो नव्हतो."

"सांगतो," मी म्हणालो.

"घोडा," तो म्हणाला, आणि मग नुसता श्वास आला, आणि मग तोही नाही. माझ्यावर रागावला होता की नाही ते मला कधीच कळणार नाही. रागावलेला असावा. असावाच, असं मला वाटतं.

शुर्गुची परत आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्याच्या गालावर वार बसला होता, रक्त गोठून काळं झालं होतं. तो घोड्यावरून उतरला, चेबेककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याला ठाऊक होतं. ओळीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, बाकीच्यांनी शीळ ऐकली तरी त्यांना एवढंच कळलं होतं की उलुमजीचा भाचा येतोय.  आम्ही दोघांनी मिळून चेबेकला कुमाईताच्या पाठीवर घातलं आणि गाड्यांकडे चालायला लागलो. वाटेत तो म्हणाला, "तू गप्प राहा. मी बोलतो."

अक्का गाडीपुढे येऊन उभी होती. तिनं लांबूनच घोडा ओळखला असणार, आणि घोड्यावर आडवं काय आहे तेही. ती पळत आली नाही. आम्ही जवळ पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.

"अक्का," शुर्गुची म्हणाला, "तो येत होता. लालांना सोडून मामाकडे येत होता. सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी पाठीत गोळी घातली."

आमचा नायक मागून आला होता. त्यानं टोपी काढली. "खरं आहे," तो म्हणाला. "पोरगा शेवटी आपल्यात आला. आपल्या माणसासारखा त्याला पुरा." आजूबाजूच्या सगळ्यांनी टोप्या काढल्या.

अक्का माझ्याकडे वळली. "आपणहून येत होता?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. नाही अक्का, मी बोलावलं, घोड्याला बोलावलं, तो तर लगाम खेचत होता, नको म्हणत होता, त्यानं एक निरोप दिलाय. एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला उभं राहायला एवढी एकच जागा उरली होती, आणि ती मीच काढून घेणार होतो.

"आपणहून," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. आमच्यात मेलेल्यासाठी रडू नये म्हणतात, रडलं की त्याच्या वाटेत पाणी साचतं आणि त्याला पार व्हायला त्रास होतो. ती रडली नाही. चेबेकची टोपी तिनं काढली, तारा बोटांनी उपटायला गेली, निघेना, मग दातांनी उपटला आणि बर्फात थुंकला. गेलुंग पोथी काढायला लागले तेव्हा तिनं त्यांना हातानं थांबवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "याला असा नाही पाठवायचा. उलुमजी, तुझ्या पट्ट्या दे."

मला कळेना.

"खांद्यावरच्या. तुला दुसऱ्या मिळतील. आपल्यात आला ना तो? मग दिसू दे तसं. वर बाप विचारेल त्याला, कुणाकडून आलास म्हणून."

मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. तिनं सुरीनं माझ्या दोन्ही खांद्यांवरचे टाके उसवले, हळूहळू, कापड फाटू न देता. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मग ती म्हणाली, याला बसता धर. मी चेबेकच्या मागे बसलो, काखेतून हात घालून त्याला छातीशी धरलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. लहानपणी घोड्यावर पुढ्यात घ्यायचो तसा तो माझ्या पुढ्यात होता, आणि थंड होत चालला होता. कोट रक्तानं भिजून आता फळीसारखा कडक झाला होता. सुई आत जाईना. कुणीतरी खोगीर शिवायची आरी आणून दिली. अक्का आधी आरीनं भोक पाडायची, मग सुई तोंडात धरून गरम करायची, मग टाका घालायची.

शुर्गुची तोंड फिरवून उभा होता. नायक आणि बाकीची माणसं आदरानं गोल करून उभी होती, आणि त्या सगळ्यांमध्ये मी माझ्या भाच्याला धरून होतो, तो हलू नये म्हणून, पट्टी वाकडी बसू नये म्हणून. ज्या बाजूसाठी त्यानं आईला सोडलं, गाव सोडलं, ती बाजू टाक्याटाक्यानं त्याच्याकडून काढून घेतली जात होती. जीव मी आधीच घेतला होता.

अक्कानं दोरा दातानं तोडला, थोडी मागे सरली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"सरळ बसलीय का रे? मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसत नाही."

"सरळ आहे, अक्का."

"नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. "सरळ आहे."

"मग दुसरा खांदा धर," ती म्हणाली, आणि मी दुसरा खांदा तिच्याकडे केला.